ज्यांचा डावा हात वर आहे

सुखदेव रामटेके या माणसाबद्दल शांत डोक्यानं लिहिता येईल तेव्हाच लिहायचं, असं मी बरीच वर्षं ठरवून होते. तसा दिवस काही उजाडला नाही. साठी उलटली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी त्यांचं नाव निघालं की तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा आता रागातच लिहिते. राग त्यांच्यावर नाही, एवढं आधी सांगून टाकते.

फरीदाबादच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते पहिल्या वर्षाला वीज शिकवायचे आणि मी गणित. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांची फुकट जाहिरात व्हायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिल्लीच्या चारी बाजूंना सेक्टर उगवत होते. आमच्या चेअरमनसाहेबांनी वडिलोपार्जित जमिनीतली अर्धी बिल्डरला विकली आणि उरलेल्या अर्धीत मोहरीच्या जागी इंजिनिअर पेरले. गेटवर संगमरवरी सरस्वती, रिसेप्शनला काचेचं दार, आणि विजेच्या लॅबमध्ये चार मीटर, त्यातले दोन मेलेले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पण ॲडमिशनला रांग लागायची, कारण प्रत्येक आईबापाला तेव्हा एकच स्वप्न पडायचं आणि त्या स्वप्नाच्या शेवटी विमान असायचं.

मी दिल्लीतच वाढलेली. वडील कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात नोकरीला होते, त्यामुळे मराठी घरात आणि हिंदी बाकी सगळीकडे. रामटेके सर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडचे. आई गंगुबाईंनी विड्या वळून मुलाला नागपुरात इंजिनिअर केलं. फरीदाबादच्या एका कारखान्यात ते लागले. तिथे कारखान्यांना लागणारे मोठाले स्विच आणि त्यांची पॅनेलं बनायची. मग परदेशी भागीदार आला, कारखान्याला नवा रंग लागला आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी बसवलं गेलं. कुणाची इच्छा विचारली होती, देव जाणे. अशा रीतीनं चाळिशीत ते मास्तर झाले.

आमची पहिली भेट भांडणानं झाली. त्यांचा तास संपून गेला तरी ते वर्ग सोडेनात. पुढचा तास माझा. मी बाहेर पाय आपटत उभी. आतून असा गलका, की वाटलं मास्तर पळून गेला असावा. शेवटी दार ढकलून आत गेले, तर मास्तर हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे आणि साठ मुलं एकमेकांवर ओरडतायत. टेबलावर एक लाकडी फळी. तिच्यावर बॅटरी, आणि एकामागोमाग एक जोडलेले दोन सारखे बल्ब. स्विच अजून दाबलेला नव्हता.

"सर, माझा तास सुरू झालाय," मी म्हटलं.

"दोन मिनिटं, मॅडम. हात मोजायचे राहिलेत." मग वर्गाकडे वळून म्हणाले, "पहला बल्ब ज़्यादा जलेगा, ऐसा कौन कहता है?"

अर्ध्याहून जास्त वर्गाचे हात वर गेले. दुसरा जास्त लागेल म्हणणारे थोडे. दोन्ही सारखे म्हणणारे त्याहून थोडे, तेही शेजाऱ्याकडे बघत बघत. मला कुणी विचारलं नव्हतं, पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही पहिल्या बल्बला मत दिलं होतं. मग त्यांनी स्विच दाबला. दोन्ही बल्ब सारखेच लागले. आणि हे महाराज समजावून सांगायचं सोडून "कल सोचकर आना, ऐसा क्यों हुआ" एवढं बोलून फळी काखेत मारून निघून गेले.

दुपारी स्टाफरूममध्ये मी त्यांना गाठलं. "तुम्ही शिकवता की जत्रा भरवता?"

माणूस चिडला नाही. डब्याचं झाकण बंद करून म्हणाले, "मॅडम, याच मुलांना मी काल उदाहरण घातलं होतं. दोन रेझिस्टर, एक बॅटरी, करंट काढा. जवळजवळ सगळ्यांचं बरोबर. दोन्हींतून एकच करंट जातो, हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. आणि आज विचारलं तर म्हणतात, पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो. सूत्र पेपरपुरतं असतं. डोक्यात दुसरंच काहीतरी बसलेलं असतं, आणि ते आपण कधी विचारतच नाही."

"मग सांगून टाका ना बरोबर काय ते."

"सांगितलं की लिहून घेतात. लिहून घेतलं की विसरतात. आधी चुकीचं उत्तर तोंडानं बोलू दे, त्याच्यावर हात वर करू दे, मग डोळ्यांनी बघू दे. त्याशिवाय जुनं हलत नाही."

मग त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. एक नवा इंजिनिअर लागला होता, फर्स्ट क्लास मिळवलेला. पॅनेलवरचा दिवा लागत नव्हता. दिव्याची तार तुटली होती, एवढंच. याने हिशेब केला, दिवा नाही म्हणजे करंट नाही, करंट नाही तर व्होल्टेज कुठून असणार. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, शून्याला कशानंही गुणा, शून्यच. सूत्र पाठ होतं, हिशेब चोख होता. त्यानं हात घातला. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"त्याला कॉलेजात कुणी हा प्रश्न विचारला असता, तर तो वर्गात चुकला असता," रामटेके म्हणाले. "चूक वर्गात होऊ दे मॅडम, पॅनेलवर नको. मला एवढंच पाहिजे."

एवढंच. या माणसानं आयुष्यात मागितलं ते एवढंच, आणि तेवढंसुद्धा त्या लोकांनी त्याला दिलं नाही. असो, पुढे येतंच आहे.

त्यानंतर मी माझा मोकळा तास असला की त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसायला लागले. इशिता नावाची एक मुलगी होती, जुन्या फरीदाबादच्या एका गल्लीतली. हिंदी मीडियमची, म्हणून इंग्रजी मीडियमवाल्यांपुढे दबून असायची. तिला सरांनी विचारलं, की पहिलाच बल्ब जास्त का लागावा. ती उभी राहिली आणि घाबरत म्हणाली, "सर, पानी भी तो ऐसे ही आता है. हमारी गली में पहले घर वाले टुल्लू लगाकर सब खींच लेते हैं. हमारा घर आख़िर में है. हमारे यहाँ बूँद-बूँद आता है."

टुल्लू म्हणजे नळाच्या लाइनला परस्पर लावायची छोटी मोटर. फरीदाबादेत घरटी एक असायची. इशिता बोलली तशी अख्ख्या वर्गानं मान हलवली. कुणी बल्लभगढचं, कुणी पलवलचं, पण पाण्याची गोष्ट सगळ्यांच्या घरची होती.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा, की जणू कुणी त्यांना बक्षीस दिलंय. स्टाफरूममध्ये आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, प्रत्येक पुस्तकात लिहिलंय, वीज पाण्यासारखी समजा. मीसुद्धा तसंच सांगत आलो. ज्यानं ते पुस्तक लिहिलं त्याच्या घरी चोवीस तास पाणी येत असणार. आपल्या मुलांनी पाणी जसं पाहिलंय तशीच त्यांनी वीज समजून घेतली. ही मूर्ख नाहीत हो. ही फार विचार करून चुकतायत."

माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मुलांच्या चुकीच्या उत्तराकडे इतक्या आदरानं बघणारा माणूस मला भेटला नव्हता. आम्ही काय करायचो? लाल रेघ मारायची आणि पुढचा पेपर ओढायचा. आमच्यातले बरेच तर तेवढंही करत नव्हते. जुन्या पिवळ्या नोट्स फळ्यावर उतरवायच्या आणि पाच वाजता चार्टर्ड बस पकडायची. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आपल्या मुलीची, श्रावस्तीची, सायकल वर्गात आणली आणि टेबलावर उलटी ठेवली. पॅडल फिरवायला इशितालाच बोलावलं. "चेन पुढच्या, पॅडलच्या चाकाच्या दातांवरून गेली, मग मागच्या दातांवरून गेली. मधे कुठे कमी झाली का? पुढच्या दातांनी दोन कड्या खाल्ल्या का?" मुलं हसली. मग हसू थांबलं आणि विचार सुरू झाला. चेन सगळीकडे एकदम फिरते, एकाच वेगानं. खर्च होते ती पायातली ताकद, चेन नाही. हे सरांनी सांगितलं नाही. मागच्या बाकावरच्या मुलानं सांगितलं, तेही शेजाऱ्याशी भांडता भांडता.

नेमके तेव्हा डायरेक्टर भाटिया काचेतून बघत होते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, टाय जाडा आणि कान हलके. "ये इंजीनियरिंग कॉलेज है या साइकिल की दुकान?" असं व्हरांड्यात सगळ्यांसमोर बोलले.

पुढे तक्रारी सुरू झाल्या. पालक येऊन सांगायचे, रामटेके सर नोट्स देत नाहीत, पढ़ाते कम हैं, पूछते ज़्यादा हैं. पहिल्या नंबरचा वेदांत, ज्याचं पाठांतर खरोखर थोर होतं, त्याचे वडील तर थेट चेअरमनकडे गेले. फी कशासाठी भरतो, म्हणाले. शिक्षणाचं दुकान झालं की गिऱ्हाइकाला गोड लागेल तेच विकायचं, हा नवा धर्म तेव्हा आमच्याकडे आला होता. भाटियांनी मला बोलावून घेतलं. "मैडम, आप तो समझदार हैं, अच्छे घर से हैं. इन लोगों को बस नौकरी मिल जाती है, पढ़ाना कहाँ आता है."

मी विचारलं, "किन लोगों को, सर?"

ते चहा ढवळत बसले.

"आपके कॉलेज में तो कोई कोटा भी नहीं है," मी म्हटलं. "और वो अकेले हैं जिनकी क्लास में बच्चे जागते हैं." मग दार आपटून बाहेर आले. त्या दाराची काच तडकली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

फेब्रुवारीत तपासणी समिती येणार होती. जागा दुप्पट करायला मंजुरी हवी होती. त्या आठवड्यात कॉलेजात जे चाललं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. पुस्तकांनी भरलेला टेम्पो आला. पुस्तकं भाड्याची. कॉम्प्युटर चेअरमनच्या शाळेतून उचलून आणले. प्राध्यापकसुद्धा भाड्याचे आले, कोट घालून, एका दिवसासाठी. त्यातल्या एकानं मला विचारलं, "मैडम, यहाँ मैं किस डिपार्टमेंट का हेड हूँ?"

समितीपुढे एक तास करून दाखवायचा होता. खऱ्या मुलांसमोर उभं राहून बोलू शकेल असा खरा मास्तर हवा होता आणि असा एकच होता. भाटियांनी रामटेकेंना बोलावून सांगितलं की तास नीट झाला तर जूनमध्ये पर्मनंट करू. दरवर्षी नव्यानं करार करायचा, दर एप्रिलला जीव टांगणीला, हे संपणार होतं. श्रावस्ती दहावीला होती. बायको आजारपणामुळे नोकरी सोडून घरी होती. म्हणजे भाटियांना नेमकं कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक होतं.

तासाच्या तालमीला भाटिया स्वतः वर्गात आले. मी मागे होतेच. सगळा तास त्यांनीच ठरवला होता. प्रश्न ओहमच्या नियमाचा, उत्तर वेदांतचं. आणि मग त्यांनी मुलांना सांगितलं, "सर सवाल पूछेंगे तो हाथ सबका उठेगा. जिसको आता है वो दायाँ हाथ उठाए, जिसको नहीं आता वो बायाँ. सर सिर्फ़ दाएँ वाले से पूछेंगे. कमेटी को पूरी क्लास के हाथ ऊपर दिखने चाहिए."

मुलं फिदीफिदी हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "सर, ये तो हमारे स्कूल में भी होता था." बरोबर आहे. शाळेत इन्स्पेक्टर यायचा तेव्हा त्यांना हेच शिकवलं होतं. बारा वर्षं शाळेत खोटा हात वर करायला शिकून ही पोरं इथे आली होती, आणि इथे चांगली फी घेऊन परत तेच.

रामटेके हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी हातातला खडू टेबलावर टाकला. "पूर्ण सेमिस्टर गेलं, मॅडम," ते म्हणाले. "यांचा हात खरा व्हायला. माहीत नसताना वर करायला, चुकीच्या बाजूला वर करायला ही मुलं घाबरायची. आता कुठे भीती गेली होती. माझ्याकडे दुसरं काय आहे हो? त्यांचे हात खरे असले तरच मला कळतं त्यांच्या डोक्यात काय चाललंय. तेच खोटे केले तर मी कुणाला शिकवू?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "करून टाका नाटक. पर्मनंट व्हा, मग काय हवं ते करा."

रविवारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा गंगुबाईंनीही हेच लावून धरलं होतं. सेक्टरातलं भाड्याचं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली खुर्चीत लुगड्यातल्या गंगुबाई. "तुमी सांगा ना बापा याले," त्या मला म्हणाल्या. "सायेब म्हनते तसं कर म्हना एक दिवस."

श्रावस्ती पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, "आजी, पापांना बिल्कुल पसंत नाहीये ते."

रामटेके आईजवळ जमिनीवर बसले. "आई, ठेकेदार तुझ्या विड्या खराब म्हणून काढून टाकायचा, तेव्हा तू काय म्हणायचीस?"

गंगुबाईंनी पदर सारखा केला. "म्हनत होती, का पयलीच विडी वळली तवाच सांगतलं असतं, तं बाकीच्या नीट वळल्या असत्या."

"मग? मी तेच तर करतो," ते म्हणाले. गंगुबाईंनी मला भाजी वाढली.

तपासणीच्या दिवशी समितीचे तिघे पुढच्या सोफ्यावर बसले. हो, वर्गात सोफा आणला होता. त्यांच्या बाजूला चेअरमन आणि भाटिया, मागे आम्ही. रामटेके सरांनी टेबलावर फळी ठेवली. गाडीची बॅटरी, एक बल्ब, एक स्विच, एक मीटर. ठरवून दिलेल्या प्रश्नोत्तराला यातलं काही लागत नव्हतं.

"स्विच ऑफ है," ते म्हणाले. "बल्ब बुझा हुआ है. करंट नहीं है. अब मैं इस खुले स्विच के दोनों सिरों पर मीटर लगाऊँ, तो कितने वोल्ट दिखाएगा? किसको पता है?"

साठच्या साठ हात वर. सोफ्यावरचे तिघे कौतुकानं बघू लागले. चेअरमननी मिशीवरून हात फिरवला. भाटियांनी वेदांतकडे नजर टाकली. त्याचा उजवा हात ताठ वर होता.

रामटेकेंनी सगळ्या हातांवरून नजर फिरवली. मी मागून बघत होते. अर्ध्याहून जास्त हात डावे होते. त्यांनी एकदा भाटियांकडे पाहिलं, मग वर्गाकडे, आणि म्हणाले, "जिनका बायाँ हाथ ऊपर है, उनमें से कोई बताए."

भाटियांचा हात टायवर गेला. मग इशिता उठली, डावा हात तसाच वर ठेवून. "सर, मुझे पक्का नहीं पता. पर मुझे लगता है ज़ीरो. करंट ही नहीं है, तो वोल्टेज कहाँ से आएगा?"

"शाबाश. कौन-कौन मानता है, ज़ीरो?"

आता हात खरे होते. जवळजवळ सगळा वर्ग. उजव्या हातवालेसुद्धा. वेदांतसुद्धा, त्यानं तर सूत्रही सांगितलं. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, करंट शून्य, म्हणून शून्य. दोन बोटं गमावलेल्या त्या इंजिनिअरचं अगदी तेच वाक्य होतं.

सरांनी मीटर लावला. काटा सरकत बारावर जाऊन थांबला. बॅटरीचे पूर्ण बारा व्होल्ट, विझलेल्या दिव्याच्या, मेलेल्या वाटणाऱ्या स्विचवर. वर्गातून "अरे!" असा एकच आवाज आला. मुलं बाकांवरून उठून पुढे आली, सोफ्याची पर्वा न करता. भांडणं सुरू झाली. तेवढ्यात इशिता ओरडली, "सर! नल बंद हो तब भी टंकी का ज़ोर तो नल पर रहता ही है! पानी चल नहीं रहा, पर ज़ोर पूरा वहीं है!"

ज्या पाण्यानं तिला चुकवलं होतं तेच पाणी तिनं स्वतः सरळ करून वापरलं. मी वर्गात टाळ्या वाजवल्या. एकटीनेच वाजवल्या, कारण बाकी स्टाफ भाटियांच्या तोंडाकडे बघत होता. सर मुलांना सांगत होते, "याद रखना. बुझा हुआ मतलब मरा हुआ नहीं. हाथ लगाने से पहले मीटर लगाओ."

समितीतल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थानं विचारलं, एवढ्या मुलांचं उत्तर चुकीचं कसं आलं. दुसऱ्यानं घड्याळ बघितलं. तिसरा सोफ्यासमोर ठेवलेल्या काजूंकडे बघत होता. मग भाटिया उठले आणि म्हणाले, "सर, लंच ठंडा हो रहा है." पनीर होतं, गुलाबजाम होते. जागा दुप्पट झाल्याची बातमी मिठाई येण्याआधीच आली होती. तास बघितला काय आणि न बघितला काय, सगळं आधीच ठरलेलं होतं. मला संताप याचाच येतो. ज्या नाटकासाठी या माणसाला वाकायला सांगितलं, त्या नाटकाची कुणाला गरजसुद्धा नव्हती.

संध्याकाळी भाटियांनी रामटेकेंना केबिनमध्ये घेतलं. दार उघडंच होतं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "आपने कमेटी के सामने दिखा दिया कि हमारे बच्चों को कुछ नहीं आता."

"नहीं सर," रामटेके म्हणाले. "मैंने दिखाया कि वो सीखते कैसे हैं."

करार मार्चअखेरपर्यंत होता, तो त्यांनी त्याच संध्याकाळी संपवला. सर फळी काखेत घेऊन गेटबाहेर गेले आणि बल्लभगढच्या बसमध्ये चढले. मी त्यांच्यामागे गेटपर्यंत गेले, तर मलाच म्हणाले, "मॅडम, चिडू नका हो एवढं. त्यांनी पाहिलं ना बारा व्होल्ट? ते आता विसरणार नाहीत." पुढे ते गावाकडे गेले, एका पॉलिटेक्निकमध्ये कमी पगारावर शिकवत राहिले. अजून फोन करतात, तब्येत विचारतात. आणि तेच कॉलेज हल्ली जाहिरातीत लिहितं, आमच्याकडे कॉन्सेप्टवर भर दिला जातो. लाजेचा काही संबंधच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वर्गावर माझा तास होता. सरांच्या जागी रातोरात आणलेल्या तरुण मास्तरनं व्हरांड्यात छापील नोट्सचे गठ्ठे मांडले होते. मी कुणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तरातरा फळा भरला, अख्खं समीकरण तीन पायऱ्यांत सोडवलं आणि सवयीनं विचारलं, "समझ में आया?" या प्रश्नाला वर्गाचं एक ठरलेलं उत्तर असतं, "यस मॅम." इतकी वर्षं ते ऐकत आले होते आणि पुढे जात आले होते.

त्या दिवशी "यस मॅम" आलं नाही. आधी इशिताचा हात वर गेला. मग तिच्या शेजारणीचा, मग मागच्या बाकांवरचे. मग वेदांतनं इकडेतिकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि त्यानंही हात वर केला. सगळ्या वर्गाचे हात वर होते, आणि सगळे डावे होते.

नेमके तेव्हा भाटिया व्हरांड्यातून चालले होते. काचेतून त्यांनी आत पाहिलं, थबकले, दार थोडं उघडून खूश होऊन म्हणाले, "वाह मैडम! पूरी क्लास के हाथ ऊपर!" आणि टाय सारखा करत पुढे निघून गेले.

कुणी हसलं नाही. हातही कुणी खाली घेतले नाहीत. मी डस्टर घेतला, तिन्ही पायऱ्या पुसून टाकल्या आणि इशिताला विचारलं, "बताओ, कहाँ से नहीं आया?"

"मैम," ती म्हणाली, "पहली लाइन से."